डिकीतली ढोलकी

बाजारात लसणाच्या ढिगापुढं वाकलेल्या असताना सत्यशीलाबाईंच्या छातीत काहीतरी धपकन वाजलं. झालं, त्या मनाशी म्हणाल्या, आलं बोलावणं. आणि तेही लसूण घेताना. हातातला गड्डा त्यांनी खाली ठेवला. पुन्हा धप. मग धप-धप, जरा थांबून धप. देवाचं बोलावणं काही ठेक्यात येत नसतं, एवढं त्यांना कळत होतं. शाळेत त्या दुसरीपर्यंतच गेल्या होत्या, पण ठेका काही शाळेत शिकवत नाहीत.

वळून पाहिलं तर फाट्यावर एक लाल गाडी उभी. काचा बंद, आत पोरं माना हलवत बसलेली, आणि मागची नंबरप्लेट हीव भरल्यासारखी थरथरत होती. लसूणवाल्यानं गाडीवाल्याच्या आईबापांचा उद्धार केला. सत्यशीलाबाई मात्र पदर खोचून सरळ गाडीपाशी गेल्या आणि काचेवर बोटाच्या पेरानं टकटक केली.

पोरानं घाईघाईनं आवाज बारीक केला. "चुकलं आजी. केला बघा कमी."

"कमी कर म्हणून कुणी सांगितलं? वाढव. आन् ही ढोलकी कुठं बसवलीय ते दाखव."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. शिव्या देणारी म्हातारी त्यांना माहीत होती, ही नवीनच. गाडीवाल्यानं उतरून डिकी उघडली. आत काळ्या कापडानं मढवलेली एक पेटी होती, आणि पेटीच्या तोंडाला परातीएवढा काळा पडदा.

"वूफर हाय आजी. भिंगारला करणकडं बसवला."

"गाडीसंगं येत न्हाई व्हय?"

"कंपनी कुठं देती! कंपनीचे स्पीकर म्हंजी नुसतं चिरचिर. ह्यो वरून बसवावा लागतो."

बाईंनी पेटीवर तळहात टेकला. पोरानं आवाज वाढवला, आणि ठेका मनगटातून वर कोपरात, कोपरातून खांद्यात चढला. वर्षभरात असं काही त्यांच्या अंगात शिरलं नव्हतं. डोळे भरून आले. शेजारी कांद्याची पाटी असती तर तिच्यावर ढकलता आलं असतं, लसणावर ढकलता येईना, म्हणून त्या पोरावरच खेकसल्या, "बघतो काय? दुकानाचा पत्ता सांग."

त्याचं असं होतं. तिसगावच्या त्यांच्या ख्रिस्ती आळीत दर नाताळाला दिवेलागणीला गाण्याची फेरी निघायची. चांदणीचा कंदील पुढं, मंडळी मागं, आणि एकेका दारात थांबून गाणं. त्यात एक जुनी रीत होती. दारात गेल्यावर पहिली ओळ एकटीनं म्हणायची, ना टाळ, ना ढोलकी. *गोठ्यामंदी आला राजा गं, दार उघडा दार.* शेवटचं 'दार' लांबवत धरायचं. मग ढोलकीचा धुम पडला की त्या धुमवर दुसरी ओळ उचलायची आणि सगळ्यांनी मागं धरायचं. ओळ उचलायचा मान एकीचाच. सत्यशीलाबाईंच्या आधी तो त्यांच्या सासूचा होता; ही ओळ त्या सासूनंच जात्यावर बसून जुळवलेली. आणि सासूनंच घालून दिलेला कायदा असा, की ज्या दारात ओळ मोडेल त्या दारात ती जी सावरील, तिची ओळ तिथून पुढं. सासूला दया माहीत नव्हती. नुसती माहीत नव्हती असं नाही. तिनं धाकट्या सुनेचं नाव दया ऐकलं तेव्हाही तोंड वाकडं केलं होतं.

ही धाकटी सून दया म्हणजे सत्यशीलाबाईंची जाऊ. तिचा आवाज कुकरच्या शिट्टीसारखा, असं सत्यशीलाबाईंचं मत. पण मेलीचा ठेका चुकत नाही, हेही त्यांचंच मत; फक्त ते त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

सांगितलेलं नव्हतं असं आणखी एक होतं. सत्यशीलाबाईंच्या कानांनी वरवरचे आवाज सोडून दिले होते. आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची खरी शिट्टी गेली, मग मोबाईलची घंटी. समोर बसून, तोंडाकडं बघून कुणी बोललं तर काही अडत नव्हतं. स्वतःचा सूर तर हाडातून ऐकू यायचा, तो कुठं जाणार? पण ढोलकी? रंगनाथ ढोलकीवाला होता तोवर त्यांना पत्ताच लागला नव्हता. रंगनाथ पुण्याला लेकाकडं राहायला गेला, त्याच्या जागी नातू मार्कनं मोबाईलवरची ढोलकी आणली, ती गाडीतल्या टेपवर लावली, आणि मग बाईंना उमगलं की कितीतरी नाताळ त्या ढोलकी ऐकतच नव्हत्या. त्या रंगनाथचा खांदा बघत होत्या. खांदा वर गेला की धुम. टेपला खांदा कुठून असणार!

मागच्या वर्षी पाळकसाहेबांच्या दारात त्या 'दार' धरून उभ्या राहिल्या आणि राहिल्याच. धुम पडून गेला. दयानं श्वास घ्यायच्या आत दुसरी ओळ उचलली, अशी अलगद, की निम्म्या लोकांना वाटलं तशीच चाल आहे. ओळ मोडली असं कुणी म्हटलं नाही. दयाही म्हटली नाही. तेच जास्त झोंबलं.

त्या बाजारच्या संध्याकाळी त्यांनी भाकरी थापता थापता घरात जाहीर केलं, "शलमोन, गाडीला वूफर बसवायचा."

शलमोन त्यांचा मुलगा, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. त्याची पांढरी गाडी घेऊन वर्ष झालं तरी सीटवरचं प्लॅस्टिक त्यानं काढलेलं नव्हतं. पाहुणे बसले की खाली कुरकुर वाजायचं. त्याचा घास हातातच राहिला.

"काय बसवायचं?"

"वूफर. डिकीत."

"आई, ते टवाळ पोरांचं काम आहे. आणि कंपनीची वायरिंग कापली की वॉरंटी जाते."

"जाईना का. वॉरंटी काय नाताळात गाणं म्हणणारे?"

मार्क खो-खो हसला. तो एमआयडीसीत कामाला होता आणि फेरीचा टेप, मोबाईल, माईक सगळं त्याच्याकडं. "आजी, बेस्ट आयडिया. पण तुला अचानक बेस कशाला पाहिजे?"

"तुमच्यासाठी. तुमी तरणी पोरं, तुमाला दणका लागतो. मला काय, मी बिनढोलकीची बी म्हणीन."

सून आराधना सरकारी दवाखान्यात नर्स होती. ती सासूच्या तोंडाकडं बघत राहिली. नर्सांची ही खोड बाईंना मुळीच आवडत नसे. मग ती अगदी समोर येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, एकदा नगरला कान दाखवून येऊ या का? हल्ली बारकी मशीनं मिळतात, दिसतसुद्धा नाहीत."

"माझ्या कानाला काय झालं? तू परवा शेजारणीला माझ्याबद्दल काय म्हणालीस ते ऐकलंय मी."

"काय म्हणाले?"

"ते तुला म्हायती!" बाईंनी भाकरी तव्यावर आपटली. ऐकलं काहीच नव्हतं, पण सुनेचा चेहरा पडला, म्हणजे काहीतरी म्हणाली होती हे नक्की.

मार्कनं मात्र नको ते काढलं. "आजी, यंदा तू खुर्चीवर बसून फेरी बघ ना. थंडी असते. ओळ दयाआजी उचलतील."

आराधनानं मार्कला डोळ्यानं दटावलं. तवा तेवढा चरचरत होता, तो बाईंना ऐकू येत नव्हता.

"मार्क," त्या शांतपणे म्हणाल्या, आणि त्यांचं शांत होणं घरात सगळ्यांना ठाऊक होतं, "माझी सासू पाय मोडलेला असताना बैलगाडीत बसून ओळ म्हणाली हुती. खुर्ची तिच्याकडं बी हुती. शलमोन, शनवारी भिंगारला जायचं. पैसे माझे."

शनिवारी शाळा सुटल्यावर करंजीचा घाट उतरून माय-लेक भिंगारात करणच्या दुकानापुढं आले. दुकान म्हणजे एक लांबट गाळा; भिंतीवर सीटकव्हर, स्टिअरिंगची कव्हरं, आणि दारात निम्म्या उघडलेल्या गाड्या. करण तिशीचा, कानामागं टेस्टर खोचलेला, बोलघेवडा.

"सर, तुम्ही घाबरू नका," तो शलमोनला म्हणाला. "कंपनीच्या टेपला मी हातच लावत नाही. तो आहे तिथंच राहील. मागच्या स्पीकरला ज्या वायरी जातात तिथून आवाज उचलायचा, ह्या डबीत द्यायचा, डबीतून अँप्लिफायरला आणि तिथून वूफरला. करंट सरळ बॅटरीवरून, मध्ये फ्यूज. म्हणजे तुमच्या गाडीच्या वायरिंगवर लोड नाही."

"कापणार का?"

"एक कट नाही सर. कपलर लावतो, नुसता खटक्याचा जोड. उद्या काढलं तर कळणार नाही."

"काढायचं न्हाईये," बाई म्हणाल्या. त्यांनी एक स्टूल ओढून गाडीच्या मागच्या दारापाशी मांडलं आणि गवंड्यावर नजर ठेवावी तशा बसल्या.

करणनं दाराच्या खालची पट्टी उचलली, गालिचा बाजूला केला, इंजिनपासून डिकीपर्यंत जाड लाल वायर सरकवत नेली. प्रत्येक क्लिपच्या 'कट्' आवाजाला शलमोनच्या चेहऱ्यावर कळ उमटत होती. शेवटी सीटवरचं प्लॅस्टिकही काढावं लागलं. बाईंनी त्याची घडी करून पोराच्या हातात दिली. "घे. बारशाला आलेल्या पाहुण्यावानी वर्षभर बसलं हुतं."

पेटी डिकीत बसली. करणनं विचारलं, "कुठलं गाणं लावू आजी?"

"ढोलकी. नुसती. शलमोन, लाव ती मार्कनं दिलेली."

ढोलकी लागली. बाईंनी उघड्या डिकीच्या कडेवर हात ठेवला. काहीतरी हललं, पण फाट्यावरच्या गाडीसारखं नाही. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसं.

"ही ढोलकी उपाशी हाय," त्या म्हणाल्या.

करणनं आवाज वाढवला. "आता?"

"आता जास्त उपाशी. तू नुसता वरडतोयस तिच्यावर."

करण हसला, पुढं गेला, सीटवर बसला, पुन्हा मागं आला. मग त्यानं पेटी फिरवली आणि कपाळावर हात मारला. "आयला, उलट्या लागल्या वायरी. प्लसच्या जागी मायनस. दाराचे स्पीकर हवा पुढं ढकलतायत आणि हा मागं ओढतोय. दोघं एकमेकाला खातायत." त्यानं वायरी अदलाबदल केल्या.

या वेळी धुम असा आला की भिंतीवरची सीटकव्हरं हलली. बाईंच्या हातातून तो खांद्यात गेला, खांद्यातून जबड्यात. त्यांनी डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत 'दार' धरलं. धुम आला. दुसरी ओळ त्यांच्या तोंडून आपसूक सुटली, जागच्या जागी, सुपातून पाखडलेला दाणा पडावा तशी.

डोळे उघडले तर करण बघत होता. गाडीची किल्ली लागलेली, पुढचं दार उघडं, आणि आतून कधीचं टुंग-टुंग वाजत होतं. शलमोननं जाऊन ते बंद केलं. बाईंनी एकदाही मान वळवली नव्हती.

करण जरा वाकून, त्यांच्या तोंडासमोर येऊन म्हणाला, "आजी, तो दाराचा आवाज..."

"कुठला?"

"काही नाही."

"लेकरा, तुझं काम वायरी जोडायचं," सत्यशीलाबाई म्हणाल्या, "माझ्या वायरी तपासू नको." आणि मग, जाता जाता, जरा खालच्या आवाजात, "लई चांगला बसवलास."

फेरीच्या आधी त्यांनी आळीच्या मागच्या माळावर गाडी उभी करायला लावून चार-पाच वेळा सराव केला. तिथं एक घोटाळा लक्षात आला. त्यांना वाटलं होतं, चपला काढून उभं राहिलं की धुम जमिनीतून तळपायाला कळेल. अनवाणी उभ्या राहिल्या. काही नाही. गाडी धडधडते आहे, डिकीतली पाण्याची बाटली नाचते आहे, आणि पायाखालची माती मढ्यासारखी गार.

"टायर हायेत ना आजी, रबराचे," मार्क म्हणाला. "सगळा दणका टायर पितात."

"मग काढ टायर."

"आजी!"

"बरं ऱ्हाऊ दे. हातानं धरीन." मार्कनं 'काय हातानं?' असं विचारायच्या आत त्या पुढं म्हणाल्या, "कंदील. कंदील हातानं धरीन म्हनलं."

हात गाडीला लागला पाहिजे, एवढं ठरलं. पण रीत अशी की ओळ उचलणारीनं घराच्या उंबऱ्यापुढं उभं राहायचं. गाडी राहणार रस्त्यावर. यावर बाईंनी तोड काढली ती नाताळच्या संध्याकाळी सगळ्यांना कळली.

"गाडी मागं घे, शलमोन. उंबऱ्यापातूर."

"उंबऱ्यापर्यंत? आई, तिथं तुळई पडलीय. पायरी आहे."

"मग पायरीपातूर. घे मागं. घे. घे. अजून घे. बास!"

पहिल्याच दारात गाडीची शेपटी घरात शिरते की काय अशी उभी राहिली. डिकी उघडली. घरमालक कल्याण दारात बायकोमुलांसह उभा होता, तो दोन पावलं मागं सरला. "काकू, गाणं म्हणताय का सामान उतरवताय?"

"आधी ऐक, मग दात काढ."

डाव्या हातात कंदील, उजवा हात डिकीच्या कडेवर. मंडळी मागं उभी राहिली. बाईंनी ओळ उचलली. *गोठ्यामंदी आला राजा गं, दार उघडा दार...* 'दार' त्यांनी लांबवलं, इतकं लांबवलं की मार्क मोबाईलवर बोट ठेवून घाबरला. आणि मग धुम. कल्याणच्या फडताळातली भांडी किणकिणली. दुसरी ओळ धुमच्या पाठीवर बसूनच आली. सगळ्यांनी मागं धरलं. कल्याणचा म्हातारा बाप, जो एरवी खाटेवरून उठत नसे, तो उठून बसला आणि टाळ्या वाजवायला लागला.

दुसऱ्या दारात तसंच. तिसऱ्यात शलमोननं रिव्हर्स घेताना तुळशीएवढी झेंडूची कुंडी फोडली. घरमालकीण म्हणाली असू द्या, नाताळ आहे. पाळकसाहेबांच्या दारात, मागच्या वर्षी जिथं घसरल्या होत्या तिथं, बाईंनी 'दार' असं धरलं की पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. बाईंनी मागं वळून बायकांच्या रांगेत दयाला शोधलं. पण दया नव्हती. ती पुढं आपल्या घरी गेली होती. शेवटचं दार तिचंच होतं, आणि दारात मंडळीचं स्वागत घरच्या बाईनं करायचं.

तिथंच पेच होता. दयाचं घर बोळात. बोळ असा की दोन शेळ्या समोरासमोर आल्या तर एकीला मागं जावं लागे. गाडीचा आरसा मिटला तरी गाडी जाणार नाही, हे शलमोननं उतरून, वितीनं मोजून सांगितलं.

"काही बिघडत नाही आजी," मार्क म्हणाला. "गाडी इथंच कडेला लावू, डिकी बोळाकडं करू, आवाज फुल्ल ठेवतो. तिकडं ऐकू जाईल. वूफर आहे, पार पाथर्डीला जाईल."

सगळ्यांना ऐकू जाणार होतं. हे बाईंना कळत होतं, आणि आपल्याला जाणार नाही हेही. छातीत जाणवेल का? माळावर त्यांनी तेही करून पाहिलं होतं. पन्नास-एक पावलं लांब गेलं की छातीत नुसती कुरकुर उरायची, ठेका नाही.

आराधना जवळ आली. "आत्याबाई, थकला असाल तर..."

"थकलंय कोन?" बाई म्हणाल्या आणि कंदील घेऊन बोळात शिरल्या.

बोळाच्या टोकाला दया उभी होती. नवी साडी, दोन्ही बाजूंना नाती, दारात रांगोळी. "सलाम आक्का," ती म्हणाली. "या. आज लांबूनच गाजावाजा ऐकतेय. दार फोडून आत येताय का काय असं वाटलं."

"तुझा बोळच आडवा आला."

मंडळी बोळात दाटीवाटीनं उभी राहिली. मागं, रस्त्यावर, मार्कचा हात वर दिसत होता. खूण झाली की तो मोबाईलवर बोट दाबणार. सत्यशीलाबाईंचा उजवा हात रिकामा होता. त्यांनी तो भिंतीला लावून पाहिला. भिंत मुकी. उंबऱ्याला लावून पाहिला. उंबराही मुका.

इथं मोडली तर ओळ दयाची. दयाच्याच दारात, दयाच्याच नातींसमोर. आणि सासूचा कायदा कुणी मोडायचा नाही; तो मोडायला आलेल्या दोन-तीन जणींना सत्यशीलाबाईंनीच पूर्वी परत पाठवलं होतं. पाय दुखतो म्हणून सोडून द्यावं? घसा बसला म्हणावं? दहा निमित्तं जिभेच्या टोकावर येऊन गेली. जिभेनं एकही घेतलं नाही. लबाडी करायची तर ती बाजारात, वांग्याच्या भावात, ओळीत नाही.

"दया," त्या म्हणाल्या. "हिकडं ये."

"मी? मी घरची हाय आक्का, मला दारात उभं ऱ्हायचं..."

"ये म्हनलं ना."

दया उंबरा ओलांडून आली. सत्यशीलाबाईंनी तिच्या खांद्याला धरून तिला आपल्या मागं उभं केलं, आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात, भांडणाला उभं राहावं तशा, बोलल्या:

"ऐका रे. माझ्या कानाला वरचं ऐकू येत न्हाई. ढोलकी तर मुळीच न्हाई. गाडीत ती पेटी मी माझ्यासाठी बसवली, तुमच्या दणक्यासाठी न्हाई. हिथं गाडी येत न्हाई, म्हून ठेका मला दुसरीकडून घ्यायचाय. ओळ मीच उचलनार. दया, धुम पडला की माझ्या पाठीत दे. जोरात दे, मी काय काचेची न्हाई."

आराधनानं तोंडावर पदर धरला. मार्कचा वर केलेला हात खाली आला.

दया मागून पुढं आली, बाईंच्या तोंडासमोर. कुकरच्या शिट्टीसारखा तिचा आवाज आज बारीक झाला होता, पण ओठ सरळ दिसत होते. "मला मागच्या नाताळातच कळलं हुतं आक्का."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमाला सांगून मार कोन खाईल?"

मागं कुणीतरी फसकन हसलं. बाईंनाही हसू येत होतं. त्यांनी ते गालात दाबलं.

"आन् मला मोडून ओळ घ्यायची न्हवती," दया म्हणाली. "आत्याबाईंची ओळ तुमच्या तोंडात बसती तशी माझ्या न्हाई बसत. माझा ठेका बरा हाय, गळा न्हाई."

"ते मला ठावं हाय."

"कवापासनं?"

"तू नांदायला आल्यापासनं. हो मागं."

दया मागं गेली. तिचा तळहात सत्यशीलाबाईंच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, बसला. गरम, भाकरी थापून थापून निबर झालेला. बाईंनी कंदील वर केला.

*गोठ्यामंदी आला राजा गं, दार उघडा दार...*

'दार' त्यांनी धरलं. बोळाच्या भिंतींवरून ते वर गेलं. रस्त्यावर डिकीतल्या पेटीनं दणका दिला असणार, कारण आळीतली कुत्री उठून भुंकली, दयाच्या नाती दचकल्या. बाईंना त्यातलं काही समजलं नाही. पाठीवर फक्त दयाचा हात पडला. धप. नेमका.

दुसरी ओळ त्यांनी त्या हातावरच उचलली, आणि मंडळीनं मागं धरली. तिसऱ्या ओळीला दया ठेका देता देता स्वतःही गायला लागली. तिचा आवाज बाईंना शब्दांत कळत नव्हता, पण पाठीला टेकलेल्या हातातून तो त्यांच्या हाडात उतरत होता. शिट्टी वगैरे काही नव्हती ती.

गाणं संपलं, फराळाची ताटं फिरली. शलमोन बोळात आला तो हळवा होऊन. "आई, सोमवारी आपण कानाच्या डॉक्टरांकडं..."

"जाऊ. मशीन बी लावीन, गाणं सोडून बाकीचं ऐकाया. आराधना शेजारणीपाशी काय बोलती ते मला ऐकायचंय." मग करंजीचा तुकडा मोडत त्या दयाकडं वळल्या. "आन् पुढल्या साली तू गाडीत बसायचं न्हाईस, रांगेत बी उभं ऱ्हायचं न्हाईस. माझ्या मागं चालायचं. सगळ्या दारांत."

"मग तो वूफर?" मार्कनं विचारलं. "काढायचा का?"

शलमोनच्या चेहऱ्यावर आशा उगवली.

"खबरदार काढलास तर," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "ह्यो बाजारला जाताना लागतो मला."